शुक्रवार राहू द्या : फॉर्म्युला वन चालवणाऱ्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
फॉर्म्युला वनचे व्यवस्थापन आणि एफआयएमध्ये (मोटर शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेत) वेळापत्रक व नियम ठरवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

नागपूरहून पत्र आलं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, भारतात पुन्हा शर्यत भरवा म्हणून कुणीतरी गळ घालतंय. तसं नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं गाजलं, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला आणि मग शर्यत गेली ती गेलीच. तो आमच्या घरचा प्रश्न आहे, आम्ही आपसांत भांडून घेऊ. हे पत्र शुक्रवारच्या सरावाबद्दल आहे. तो तुम्ही थोडा थोडा करून काढून घेत आहात, आणि वर 'लोकांनाच तो नको आहे' असं आमच्या नावावर खपवत आहात. यातलं दुसरं आम्हाला जास्त लागलं.

पत्र मराठीत आहे, कारण ज्या भांडणांविषयी ते आहे ती मराठीत होतात. ते वाचून घेण्याची सोय तुमच्याकडे असेलच.

आधी हिशेब. २०२० पर्यंत शुक्रवारी दीड-दीड तासाची दोन सत्रं आणि शनिवारी एक तास, म्हणजे एका शर्यतीआधी चार तास सराव असायचा. २०२१ पासून तिन्ही सत्रं एकेका तासाची झाली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत, आली. आता वर्षाला सहा स्प्रिंट असतात आणि त्या वीकेंडला उरतो फक्त एक तास. चाराचे तीन, तिनाचा एक. २०२३ मध्ये तुमचे अध्यक्ष स्टेफानो डोमेनिकाली जाहीरपणे म्हणाले की सराव सत्रं अभियंत्यांच्या फार उपयोगाची असतात पण लोकांना आवडत नाहीत, आणि ती काढून टाकावीत असं त्यांचं मत आहे. पुढे स्प्रिंटची संख्या वाढवण्याचीही भाषा सुरू झाली.

आता हे 'लोक' कोण, ते जरा सांगतो. निदान नागपूरचे.

आमचा अड्डा धरमपेठेत एका मित्राच्या कूलर दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरतो. तिथे वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये ट्रकची इंजिनं उघडणारा एक जण येतो. हिंगणा रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणारी, स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बनवणाऱ्या गटातली एक मुलगी येते. अंबाझरीच्या आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका येतात, एक सीए येतो, आणि दोन-तीन जण नेमकं काय करतात ते कुणालाच माहीत नाही. युरोपातल्या शर्यतीचं एफपी-१, म्हणजे पहिलं सराव सत्र, आपल्याकडे संध्याकाळी पाचला सुरू होतं. ते जो तो आपापल्या कामाच्या जागी मोबाइल फायलीखाली दडवून बघतो. एफपी-२ साडेआठला. तेव्हा सगळे दुकानात. मेलबर्नचं एफपी-१ सकाळी सातला असतं, तेव्हा तर्री-पोहे बांधून आणायचे आणि दुकानाचं शटर अर्धं वर करून बसायचं. रविवारी यातले निम्मे येत नाहीत, कारण रविवारी घरच्यांबरोबर टीव्हीवर बघता येतं. शुक्रवार मात्र कुणी चुकवत नाही.

खोलीत शिरणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "कागद आला का बे?"

कागद म्हणजे तुमचाच. २०२२ पासून एफआयए प्रत्येक शर्यतीच्या शुक्रवारी एक दस्तऐवज जाहीर करते. कोणत्या संघाने गाडीचा कोणता भाग बदलला, कशासाठी बदलला, आधीच्या आकारात आणि आताच्या आकारात फरक काय आणि त्यामुळे हवा कशी वेगळी वाहील, असं प्रत्येक संघाला लिहून द्यावं लागतं. तुमच्या सगळ्या कारभारात आम्हाला सर्वात आवडणारी गोष्ट कोणती विचाराल तर ही. यासाठी मनापासून आभार.

या कागदावर आम्ही तासभर भांडू शकतो. बदलाचं कारण 'या ट्रॅकपुरतं' असं दिलंय की 'एकूण कामगिरीसाठी', इथून सुरुवात होते. मॉन्झाला मागचा पंख पातळ केला तर त्यात विशेष काही नाही, लांब सरळ रस्त्यांसाठी तो सगळेच करतात. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर आहे, हवा विरळ, म्हणून इंजिनावरच्या आवरणाला जास्त खाचा पाडल्या, तर तेही नेहमीचंच. पण फ्लोअरची, म्हणजे गाडीच्या तळाची, कड बदलली, त्याच्या पुढच्या तोंडाशी असलेल्या पात्यांचा आकार बदलला असं लिहून आलं की खोलीतला आवाज चढतो. वाडीवाला मित्र प्रत्येक वेळी म्हणतो, "मागच्या बारीला बी हेच लिहून दिलं होतं यांनी, काही होऊन नाही राहिलं त्या फ्लोअरनं." आणि 'या शर्यतीसाठी काही नवीन नाही' एवढंच लिहिलेलं एखाद्या संघाचं पान दिसलं की त्या संघाचा चाहता चहा आणायच्या निमित्ताने बाहेर जातो.

मग गाड्या बाहेर येतात. बॉडीवर हिरवा-पिवळा फ्लो-व्हिज रंग फासलेला, चाकांच्या मागे हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्यांच्या जाळ्या लावलेल्या. तो ओला रंग हवेबरोबर पसरतो आणि हवा कुठे चिकटून जातेय, कुठे सुटतेय हे त्याच्या ओघळांवरून दिसतं. आमच्यातली कॉलेजवाली मुलगी त्या वेळी स्क्रीनशॉट काढत बसते. गाडीची अशी उघडी अवस्था शनिवारी-रविवारी बघायला मिळत नाही.

शुक्रवारला विनोदही वर्ज्य नाही. २०२२ मध्ये बार्सिलोनाला ॲस्टन मार्टिनची सुधारित गाडी हुबेहूब रेड बुलसारखी दिसायला लागली, तेव्हा रेड बुलच्या लोकांनी ट्रॅकलगतच्या पिट वॉलवर आपल्याच पेयाचे हिरवे कॅन मांडून ठेवले. तुम्ही चौकशी करून ॲस्टन मार्टिनला निर्दोष ठरवलंत. पण लोकांच्या लक्षात राहिले ते कॅन. आणि भारतातल्या फॉर्म्युला वनचं पहिलंवहिलं सराव सत्र आठवतं ना? ऑक्टोबर २०११, बुद्ध सर्किट, एक कुत्रं ट्रॅकवर आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाच्या उद्घाटनाला ते हजर असतंच.

आता मुद्द्याचं. अभियंत्यांच्या उपयोगाचं असतं ते बघणाऱ्याला कंटाळवाणंच असणार, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. अभियंत्यांना त्या तासात ज्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं, तोच प्रश्न आम्हालाही पडलेला असतो : कागदावर लिहिलं ते रस्त्यावर खरं ठरतंय का? आणि याचं उत्तर मिळण्याची दुसरी जागा तुमच्याच नियमांनी ठेवलेली नाही.

हंगाम सुरू झाला की ट्रॅकवर गाडीच्या चाचण्या घेण्यावर २००९ पासून कडक बंधनं आहेत. विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून गाडीचा आकार तपासायच्या बोगद्यात, पूर्ण आकाराची गाडी चालत नाही, जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल चालतं, आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर न्यायचा नाही. म्हणजे ताशी १८० किलोमीटर. खरी गाडी ३०० च्या पुढे पळते, खड्ड्यांवरून उसळते, वळणाच्या कडेच्या कर्बवर चढते, वळणात तिरकी होते. टनेल आणि संगणक जे सांगतात ते आणि ट्रॅकवर घडतं ते, यांत अंतर पडतंच. काही संघांचं थोडं पडतं, काहींचं इतकं की सहा महिने फुकट जातात. ते अंतर मोजायला एकच वेळ आहे आणि ती म्हणजे शुक्रवार.

आमच्या दुकानदार मित्राने हे एका वाक्यात सांगितलं होतं. मार्चमध्ये नागपुरात घरोघरी कूलर निघतात. तो म्हणाला, "गिऱ्हाईक ताट्या, पाण्याची मोटर अन् पंखा तिन्ही एकदमच बदलून घेते, अन् मग विचारते की हवा अजून गरम काऊन येते. आता मी काय सांगू, कशानं?" एका तासात नवा फ्लोअर, नवा पंख, टायरचे दोन प्रकार आणि शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीची तयारी असं सगळं उरकायचं झालं, तर दोन हजार कोटींच्या आसपास खर्चाची मर्यादा असलेल्या संघाचीही हीच गत होते.

फेरारीचं २०२४ घ्या. जूनमध्ये बार्सिलोनाला त्यांनी मोठी सुधारणा आणली आणि वेगवान वळणांत गाडी उसळायला लागली. पुढच्याच आठवड्यात ऑस्ट्रियाची शर्यत होती, आणि ती स्प्रिंटची. एक तास सराव. जुने आणि नवे भाग शेजारी शेजारी लावून बघायला सवड कुठली? त्यानंतरच्या आठवड्यात सिल्व्हरस्टोन आलं, पूर्ण तीन सत्रांचं. तिथे शुक्रवारी त्यांनी दोन गाड्यांवर वेगवेगळे भाग लावून तुलना केली आणि उरलेल्या वीकेंडसाठी जुन्याकडे परत गेले. आमच्या खोलीत त्या संध्याकाळी जेवढी गर्दी होती तेवढी कित्येक शर्यतींना नसते. दोन लाल गाड्या, दोन फ्लोअर आणि एक प्रश्न, एवढंच चाललं होतं. कोणी कोणाला ओव्हरटेक केलं नाही, गुण मिळाले नाहीत, झेंडे फडकले नाहीत. तरीही रात्री साडेनऊला दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा कोणी उठायला तयार नव्हतं. त्या वर्षी संघांच्या अजिंक्यपदात मॅक्लारेनचे ६६६ गुण झाले, फेरारीचे ६५२. चौदा गुणांचा फरक. यातले किती गुण त्या जून-जुलैत गळाले यावर आमच्यात अजून एकमत नाही.

त्याहून बोलका दाखला अमेरिकेतल्या ऑस्टिनचा, ऑक्टोबर २०२३. तीही स्प्रिंट. मर्सिडीजने तिथे नवा फ्लोअर आणला होता. नियम तेव्हा असा होता की शुक्रवारी एक तासाचा सराव झाला, पात्रता फेरी सुरू झाली की गाडीच्या सेटिंगला कुलूप. मग रविवारपर्यंत फार काही हलवायचं नाही. शर्यत आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाली. लुईस हॅमिल्टन दुसरा आला, शेवटी शेवटी तर पहिल्या असलेल्या फेर्स्टापेनला गाठतो की काय असं वाटत होतं. आम्ही झोपलो. सकाळी उठून बघतो तर हॅमिल्टन बाद, सहावा आलेला फेरारीचा शार्ल लेक्लेरही बाद. गाडीच्या पोटाखालची फळी, म्हणजे प्लँक, झिजून ठरलेल्या जाडीच्या खाली गेली होती. नवी असताना ती १० मिलिमीटर असते, शर्यतीनंतर ९ च्या खाली गेलेली चालत नाही. चार गाड्या तपासल्या, दोन नापास.

त्या संध्याकाळी आयुध कारखान्यातले काका पहिल्यांदा अर्धा तास सलग बोलले. सारं आयुष्य मायक्रोमीटर हातात धरून गेलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की एक मिलिमीटर ही भरपूर मोठी गोष्ट आहे आणि नापास ते नापास, त्याबद्दल रडायचं नाही. पण ज्याने माप घ्यायचं त्याला माप घ्यायला वेळ तर द्याल? गाडी किती खाली ठेवायची हे ठरतं इंधनाने भरलेल्या गाडीने खडबडीत ट्रॅकवर लांब, म्हणजे सलग बऱ्याच, फेऱ्या मारून बघितल्यावर. ऑस्टिनचा रस्ता आधीच उंचसखल. नवा फ्लोअर, भरलेली टाकी, असा रस्ता आणि हातात एक तास. हे फक्त काकांचं मत नाही. संघांनीही पंचांपुढे हेच कारण मांडलं की खडबडीत ट्रॅक आणि स्प्रिंटचं वेळापत्रक यामुळे गाडी जुळवून तपासायला वेळच मिळाला नाही, आणि ते तुमच्याच निकालपत्रात नमूद आहे. गाडी नियमात ठेवणं ही संघाची जबाबदारी, असं म्हणून पंचांनी दोघांना बाद केलं ते बरोबरच. पण वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या जबाबदारीचं काय, हे त्या कागदात कुठे आलं नाही.

२०२४ पासून स्प्रिंट झाल्यावर सेटिंगचं कुलूप पुन्हा उघडायला तुम्ही परवानगी दिलीत. चांगलं केलंत. मात्र कुलूप उघडलं तरी आत शिरून काम करायला सत्र लागतं, आणि स्प्रिंटनंतर थेट पात्रता फेरी असते.

तुमच्या बाजूचा माणूस आमच्यातही आहे. तो सीए. तो म्हणतो, मॅक्लारेनने २०२३ मध्ये आपला चालक नॉरिसच्या गाडीवर मोठा बदल आणला तो ऑस्ट्रियाला, आणि २०२४ मध्ये मायामीला. दोन्ही स्प्रिंटचे वीकेंड! ऑस्ट्रियापासून त्यांचं नशीब फिरलं, मायामीला नॉरिस कारकिर्दीतली पहिली शर्यत जिंकला. एका तासात जमतं की! आणि चालक हुल्केनबर्ग? २०२० मध्ये न्यूर्बुर्गरिंगला नेहमीचा चालक स्ट्रोल आजारी पडला म्हणून शनिवारी त्याला ऐनवेळी बोलावलं, एक फेरीही सराव न करता तो थेट पात्रता फेरीत बसला, शेवटून सुरू केलं आणि आठवा आला. म्हणजे सराव नसला की मजा वाढते, असा त्याचा युक्तिवाद.

हुल्केनबर्गचं कौतुक आम्हालाही आहे. पण त्याच्या शेजारी आमच्या करुण चंधोकला ठेवून बघा. २०१०, बहरीन, आयुष्यातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत. संघ नवा, गाडी वेळेत तयार झाली नाही, तिन्ही सत्रं गॅरेजमध्ये गेली. त्या गाडीतली त्याची पहिली फेरी पात्रता फेरीत झाली, आणि शर्यतीत दुसऱ्याच फेरीला गाडी आपटून सगळं संपलं. हुल्केनबर्गच्या हाताखाली चांगली गाडी होती आणि गाठीशी अनेक हंगामांचा अनुभव. चंधोककडे दोन्ही नव्हतं. सराव नसण्याची मजा कुणाला परवडते हे यातून दिसतंच.

मॅक्लारेनचं उत्तरही याच वाटेने जातं. ज्यांचा टनेल, संगणक आणि ट्रॅक एकमेकांशी जुळतात, त्यांना एक तास पुरतो, कधी तोही लागत नाही. भाग लावला, चालला, पुढे. ज्यांचं जुळत नाही त्यांना शुक्रवार हवा असतो. आता तुमचाच दुसरा नियम बघा. विजेत्या संघाला टनेलचा वेळ ठरलेल्या कोट्याच्या ७० टक्के आणि दहाव्या क्रमांकाला ११५ टक्के. मागे पडलेल्याला हात द्यायचा, हा त्यामागचा हेतू, आणि तो आम्हाला पटतो. मग त्याच मागे पडलेल्याला टनेलमध्ये ज्यादा तास देऊन बनवलेला भाग तपासायचा तास मात्र काढून घ्यायचा, याला काय म्हणावं? एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्या हाताने ताट ओढायचं चाललंय. स्प्रिंट वाढतील तसे पुढचे आणखी पुढे जातील, असं आमचं स्पष्ट मत आहे. सीए सोडून.

बघणाऱ्यांच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं, कारण तुमचा खरा आक्षेप तिथे आहे. एफपी-२ च्या दुसऱ्या अर्ध्या तासात गाड्या जास्त इंधन घेऊन लांब फेऱ्या मारतात. टीव्हीवर तेव्हा काहीच घडत नसतं. आमच्याकडे मात्र वही निघते. फेरीची वेळ, टायर कोणता, किती जुना, पुढे गर्दी होती का. १० किलो इंधनामागे फेरीला साधारण ०.३ सेकंद जास्त, या ढोबळ हिशेबाने अंदाज बांधायचा. कोणी किती इंधन भरलंय ते कोणी सांगत नाही, इंजिन किती ताणलंय तेही नाही, त्यामुळे अंदाज चुकण्याची मुभा प्रत्येकाला. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर कोणाच्या वेळा वाढायला लागतात आणि कोणाच्या तशाच राहतात, हे मात्र लपत नाही. ट्रॅकचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं की समालोचक घाबऱ्या आवाजात सांगतात आणि आम्ही इकडे हसतो, कारण मे महिन्यात गाडीच्या बोनेटवर हात ठेवायची आमची हिंमत नसते. पण टायर आमच्यासारखा सोसत नाही. हे आम्हाला रविवारी कुणी समजावून सांगितलेलं नाही. शुक्रवारी बघून बघून कळलं.

यामुळे रविवार वाया जात नाही, उलट तो भरतो. पंचविसाव्या फेरीला एखादी गाडी अचानक मंदावली तर ज्याने शुक्रवारी वही भरली त्याला कळतं की हे होणारच होतं. बाकीचे म्हणतात, कंटाळवाणी शर्यत.

नवोदितांचंही सांगून ठेवतो. २०२५ पासून प्रत्येक संघाला वर्षातून चार वेळा, प्रत्येक गाडीमागे दोनदा, एफपी-१ मध्ये नवख्या चालकाला बसवावं लागतं. उत्तम नियम आहे. पण स्प्रिंटच्या वीकेंडला जो एकुलता एक तास असतो तो कोणता संघ नवख्या पोराला देईल? स्प्रिंट वाढल्या की ही दारं तेवढी कमी. २०१२ मध्ये नारायण कार्तिकेयन शेवटचा उतरला, त्यानंतर एकही भारतीय फॉर्म्युला वनच्या शर्यतीत दिसलेला नाही. फॉर्म्युला टूमध्ये जिंकून दाखवणाऱ्या कुश मैनीसारख्या मुलासाठी वरचं दार कधी किलकिलं झालंच तर ते शुक्रवारीच होईल.

सराव कधीकधी कंटाळवाणा असतो हे आम्ही नाकारत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं रिकामा ट्रॅक बघायचा आणि समालोचकाने हवामानावर बोलत राहायचं, याला काही अर्थ नाही. पण त्याचं कारण टायर वाचवणं हे आहे आणि त्यावर उपाय तुम्हाला माहीत आहे. २०१४ मध्ये एफपी-१ च्या पहिल्या अर्ध्या तासापुरता टायरचा एक जादा संच तुम्ही दिला होता. तो पुन्हा द्या. गाड्या बाहेर येतील. पडद्यावर फक्त सर्वात वेगवान फेरी दाखवण्याऐवजी लांब फेऱ्यांचा तक्ता दाखवा. कागद एफपी-१ सुरू होण्याच्या बराच आधी येऊ द्या आणि त्यात बदललेल्या भागांची चित्रं घाला. शब्दांतून फ्लोअरची कड डोळ्यांपुढे आणायला प्रत्येक खोलीत आयुध कारखान्यातले काका नसतात.

आयोजकांना शुक्रवारची तिकिटं विकायची असतात आणि त्या दिवशी काहीतरी चुरशीचं हवं असतं, हेही कळतं. स्प्रिंट बंदच करा असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातले दोघे तर स्प्रिंटचे भक्त आहेत. पण स्प्रिंटच्या वीकेंडला तो एक तास दीड तासाचा करा, जसा जुना शुक्रवार होता. २०२० मध्ये इमोलाला अख्खी शर्यत दोन दिवसांत उरकली, तेव्हाही एकमेव सराव ९० मिनिटांचा ठेवला होता ना? आणि तो भारतात दुपारी चारला लावू नका, जसा युरोपातल्या स्प्रिंटला लागतो. चारला फाइल उघडी ठेवावीच लागते. हे शेवटचं तुमच्या हातात नाही हे माहीत आहे, तरी लिहिलं.

नियम पूर्ण बदलतात त्या वर्षी तर पहिल्या चार-पाच शर्यतींत स्प्रिंट ठेवूच नका. २०२६ ला गाडी नवी, इंजिनाची जवळपास निम्मी ताकद विजेची, सरळ रस्त्यावर पंखांचे कोन बदलणारी रचना, ऑडी आणि कॅडिलॅक हे नवे भिडू, आणि वेळापत्रकातली दुसरीच शर्यत, चीनची, स्प्रिंटची. हंगामाआधी चाचणीचे दिवस वाढवले होते हे मान्य, पण चाचणीला उभी केलेली गाडी आणि दर दोन शर्यतींनंतर बदलत जाणारी गाडी एक नसते. अशा वर्षी तर कागद सर्वात जाड येणार, आणि तो तपासून बघायला शुक्रवारच नाही!

स्प्रिंटची संख्या सहाच्या वर नेण्याचा विचार असेल तर आधी एक करा. दहा-बारा शहरांत जिथे शर्यत होत नाही, पण शुक्रवारी माणसं जमतात, तिथे विचारून बघा. 'लोकांना' काय आवडतं हे ठरवताना आमचंही मत घ्या. पत्ता धरमपेठ, कूलरचं दुकान, मागची खोली, एवढा पुरे. कोणी भेटायला येणार असाल तर एफपी-१ आणि एफपी-२ च्या मधल्या वेळात या. तेव्हाच आम्ही थोडं बोलायच्या मनःस्थितीत असतो.

आपले,
नागपूरचे शुक्रवारवाले
(सीएची सही आहे, पण स्प्रिंटच्या मुद्द्यावर मतभेद नोंदवून)